नववा रकाना

आमच्या लातूरच्या कॉलेजात लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. तिला सगळे 'निरीक्षण वही' म्हणायचे. नवीन प्राध्यापक लागला की त्याची पहिली दोन वर्षं प्रोबेशनची. त्या काळात एक ज्येष्ठ प्राध्यापक वर्षातून एकदा त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा आणि नंतर या वहीतलं एक पान भरायचा. पानावर नऊ रकाने छापलेले होते. पाठाची तयारी, फळ्याचा वापर, आवाज, भाषा, वर्गावरचं नियंत्रण, प्रश्नोत्तरं, वक्तशीरपणा, पाठ वेळेत पूर्ण झाला की नाही, हे आठ. नववा सगळ्यांत खाली, चार ओळींचा: 'विशेष नोंद'. पान भरलं की ज्याचं निरीक्षण झालं त्यानं ते वाचायचं, खाली 'वाचले' लिहून सही करायची. त्या पानांवरून संस्था ठरवायची, याला कायम करायचं की नारळ द्यायचा.

निरीक्षणाची चिठ्ठी आदल्या दिवशी मिळायची. मग नवीन माणूस इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, वर्गातल्या चार हुशार पोरांना प्रश्न वाटून द्यायचा, उत्तरंही सांगून ठेवायचा. मागच्या बाकावरची पोरं म्हणायची, "आज सरांचा बघण्याचा कार्यक्रम हाय. पोहे कुणी केले रे?" हा सगळा बनाव निरीक्षकालाही ठाऊक असायचा. कारण त्याच्या वेळी त्यानंही तेच केलेलं असायचं.

मीही केलं होतं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती. वडील निलंग्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात भट्टीवर होते. माझ्या शाळेच्या शर्टालासुद्धा भज्यांचा वास असायचा. नांदेडला राहून मी एमएस्सी झालो, लातूरला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून लागलो, तेव्हा वडील हॉटेलच्या मालकाला म्हणाले होते, "पोरगं साहेब झालं, पण अजून कायम न्हाई." त्या 'कायम' शब्दाचा धाक आमच्या घरात देवासारखा होता. म्हणून पहिल्या वर्षीच्या निरीक्षणाला मी प्रश्न वाटले, उत्तरं पाठ करून घेतली, आणि पान चांगलं भरून आलं.

दुसऱ्या वर्षी भूकंप झाला.

गणपती विसर्जनानंतरची ती पहाट आमच्याकडं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. काही आठवड्यांनी कॉलेज उघडलं. पोरं स्लॅबखाली बसायला तयार नव्हती, म्हणून वर्ग मैदानातल्या लिंबाखाली भरायचे. फळा झाडाच्या बुंध्याला टेकवलेला. अशातच माझ्या निरीक्षणाची चिठ्ठी आली. निरीक्षक होते गणिताचे एक ज्येष्ठ सर. औशाच्या जुन्या मुसलमान घराण्यातले, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. आम्ही सगळे त्यांना 'बडे सर' म्हणायचो. ते घडीची खुर्ची घेऊन पोरांच्या मागं बसले, मांडीवर लाल वही.

भूकंपानंतर पहिल्यांदाच मी नियमाप्रमाणं हजेरी घ्यायला सुरुवात केली. आमच्यात नावं नाही, नंबर पुकारायचे. एकोणतीस, तीस, एकतीस. एकतीसला कुणी 'हजर' म्हणालं नाही. माझी सवय होती, नंबर तीनदा पुकारायची. तिसऱ्यांदा पुकारल्यावर पुढच्या रांगेतला एक मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, फुडचा घ्या."

मला तेव्हा कळलं. एकतीस नंबर किल्लारीकडच्या गावातला होता. त्याच भागातले आणखी दोन नंबर पुढं होते, ते मी पुकारलेच नाहीत. तयारी करून आणलेला पाठ हातात होता, खडू हातात होता. मी खडू ठेवला आणि पोरांच्या मधे जमिनीवर जाऊन बसलो. घंटा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. घंटेनंतरही उठलं नाही. मागून बडे सरांची खुर्ची मिटल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, संपलं. आता निलंग्याला जाऊन सांगायचं, कायम झालो नाही.

तीन दिवसांनी वही सहीला आली. वरचे आठ रकाने त्यांनी खरे भरले होते. तयारी: दिसली नाही. फळा: वापरला नाही. प्रश्नोत्तरं: नाहीत. पाठ: झाला नाही. नवव्या रकान्यात त्यांच्या उजवीकडं कलत्या अक्षरात लिहिलं होतं, 'आज शिकवणे झाले नाही. सर मुलांत बसून राहिले. घंटा झाल्यावर एकही मुलगा उठला नाही. असा माणूस संस्थेने सोडू नये.'

मी 'वाचले' लिहिलं. सही केली. बडे सर म्हणाले, "बेटा, वरच्या आठांत माणूस मावत नाही. म्हणून खाली जागा ठेवलीय."

मी कायम झालो. वडिलांनी हॉटेलात सगळ्यांना फुकट चहा पाजला.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं मी जे केलं ते मला हे माहीत नव्हतं म्हणून केलं नाही. चांगलं माहीत असताना केलं.

आठ-नऊ वर्षं गेली. बडे सर निवृत्त होऊन औशाला गेले आणि पुढं वारले. लातूर बदललं. बारावीच्या गुणांसाठी दुरून दुरून पोरं येऊ लागली, गल्लीगल्लीत खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या, क्लासच्या पाट्या विजेच्या खांबांवर चढल्या. आमच्या कॉलेजची भौतिकशास्त्राची एक तुकडी माझ्याकडं होती. दुसऱ्या तुकडीसाठी संस्थेनं नवीन माणूस घेतला, देगलूरचा. वयानं लहान म्हणून मी त्याला इथं 'तो' म्हणतो, तोंडावर 'सर'च म्हणायचो. त्याचे वडील शिंपी. तोही घरातला पहिला पदवीधर. मला खरं तर तो आवडायला हवा होता.

पहिल्या सहा महिन्यांतच सुरू झालं. स्टाफरूमच्या दाराशी पोरं येऊन उभी राहायची. मी वर बघितलं की विचारायची, "सर, नवीन सर आहेत का?" एका दिवशी मी मोजलं. अकरा वेळा. शिपाईसुद्धा चहा आणताना आधी त्याच्या टेबलाकडं जायचा. एकदा मी माझ्या वर्गात शिरलो तर मागचे दोन बाक रिकामे. पोरं कुठं गेली म्हणून बघतो तर त्याच्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभी, वह्या भिंतीला लावून लिहितायत. माझ्याच तुकडीची. मला बघून ती पळाली नाहीत. हेच जास्त लागलं.

त्याची भाषा तर मला मुळीच सहन होत नव्हती. रेडिओच्या बातम्या ऐकून ऐकून मी माझी भाषा घासूनपुसून काढली होती. 'हाय' चं 'आहे' केलं, 'न्हाई' चं 'नाही' केलं, त्यासाठी वर्षं घातली. आणि हा उभ्या वर्गात म्हणायचा, "हे बगा, इलेक्ट्रॉन काय करून राहिला? गरगर फिरून राहिला. त्याला घरी जायचंच न्हाई." देगलूर-उदगीरकडच्या पोरांना अडलं की मधेच तेलुगूत नाहीतर कानडीत दोन शब्द टाकायचा, आणि ती पोरं हसून मान डोलवायची. मी जे लपवून मोठा झालो होतो, ते तो उघडं ठेवून मोठा होत होता.

एक दिवस एका क्लासचे मालक मोटारसायकलवरून आले. मला वाटलं, माझ्याकडंच आले. मी खुर्ची पुढं केली. ते बसले आणि म्हणाले, "सर, तुमच्याकडं ते देगलूरचे आहेत ना, त्यांना जरा विचारता का? आमच्याकडं चार तास घ्या म्हणावं. तुमचं ते ऐकतील."

"स्वतःच विचारा," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं. तो माझ्यासमोरच उत्तर देत होता. "न्हाई साहेब. मला शिकवायचं ते कॉलेजातच. पहिल्यांदा कायम होऊ द्या. सासरवाडीचे लोक दर महिन्याला पोस्टकार्ड टाकून विचारतात, कायम झाला का."

"पोस्टकार्ड? अजून?" मालक हसले.

"फोन केला तर मी खोटं बोलेन म्हणतात. लिहून द्या म्हणतात."

सगळे हसले. मीही हसलो. त्याचं लग्न ठरलं होतं, पण मुलीच्या वडिलांनी तारीख धरली नव्हती. कायमचं पत्र हातात पडलं की तारीख, असं बोलणं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्याच्या पहिल्या वर्षीचं निरीक्षण ज्या सरांनी केलं ते त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. त्यांनी आठही रकान्यांत 'ठीक' लिहिलं होतं, नववा मोकळा, माणूस ना वर ना खाली. दुसऱ्या वर्षी प्राचार्यांनी लाल वही माझ्या हातात दिली. "तुमचाच विषय आहे, सर. तुमच्याशिवाय कोण बघणार?"

वही घरी आणली त्या संध्याकाळी मी ती उघडली नाही. बडे सरांनी माझ्याबद्दल लिहिलेलं पान त्यातच होतं. जुन्या पानांकडं मी बघितलंच नाही.

मी आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवली. मंगळवारी सकाळी त्याच्या वर्गात गेलो. त्यानं रोजचाच शर्ट घातला होता, खिशाला पेनाचा डाग होता. मला त्यानं मान लववून नमस्कार केला. मी शेवटच्या बाकावर बसलो, वही उघडली. पोरांत कुजबुज झाली. एक म्हणाला, "आज बघण्याचा कार्यक्रम." दुसरा म्हणाला, "ह्या सरांचं लगीन ठरल्यालं हाय, बघून काय करता?" आणि सगळी फिसफिस हसली. माझ्याकडं बघून नव्हे. तरी मला तसं वाटलं.

पाठ होता ध्वनी आणि तरंग. त्यानं फळ्यावर एक लाट काढली. दोन मिनिटांत खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. तिचं गाव भूकंपानंतर दुसऱ्या जागी वसवलेलं. त्या वेळी ती सात-आठ वर्षांची असेल.

"सर, भूकंपात आधी आवाज येतो का आधी हलतं?"

मला या प्रश्नाचं उत्तर येत होतं. पुस्तकातलं, चार ओळींत. मी माझ्या जागेवर बसून मनात पूर्ण केलं सुद्धा.

तो तिच्या बाकाजवळ गेला. म्हणाला, "तुला काय आठवतं?"

"आधी आवाज आला. मोठी गाडी रिकामी केल्यासारखा. मग हललं."

मागून एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडं आवाजच न्हाई आला. डायरेक् खाटच हलली."

"तू झोपला होतास," दुसरा म्हणाला. "तुला उचलून न्यावं लागलं. आमच्या काकानं नेलं तुला."

"मग तुझ्या काकाला विचार."

त्यानं फळ्यावरची लाट अर्धी पुसली आणि मधे उभी रेघ ओढली. एका बाजूला 'आधी आवाज', दुसऱ्या बाजूला 'आधी हादरा'. एकेकाला विचारायला लागला. कोणतं गाव, जागे होते की झोपेत, घर मातीचं की दगडाचं. पोरं सांगायला लागली. जी कधी तोंड उघडत नव्हती तीही. एका मुलीनं सांगितलं की तिला काहीच आठवत नाही, फक्त आईच्या हाताची पकड आठवते. त्यानं तिचंही गाव एका कोपऱ्यात लिहून घेतलं. फळा वेडावाकडा भरला. वर्गात गोंगाट होता, पण त्या गोंगाटात कुणी दुसरं काही बोलत नव्हतं.

घंटा व्हायला पाच मिनिटं राहिली. खिडकीजवळची मुलगी पुन्हा उभी राहिली. "मग सर, बरोबर काय?"

"मला माहीत न्हाई," तो म्हणाला. "पुस्तकात एक उत्तर हाय. ते तुमच्या निम्म्या लोकांना खोटं ठरवतं. तुम्ही खोटं कशाला सांगाल? उद्या विचारून येतो."

मी पेन उघडलं. माझ्या छातीत काय होत होतं ते आज नीट लिहिता येतं. त्या दिवशी मी त्याला शिस्त म्हटलं होतं. तो लिंबाखालचा वर्ग मी गेली इतकी वर्षं माझा म्हणून जपला होता. पोरं गप्प बसली होती, मी गप्प बसलो होतो, आणि त्या गप्प बसण्याचं मला पत्र मिळालं होतं. आणि इथं हा माणूस त्याच पहाटेबद्दल पोरांना बोलतं करत होता. ते मला नऊ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. माझ्या वर्गातही त्या गावांची पोरं होती. मी त्यांना नोट्स देत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टाफरूममधे आला, डोळे लाल. "सर, काल नांदेडला जाऊन आलो. माझ्या एमएस्सीच्या सरांकडं. ते म्हणाले, दोन्ही बरोबर असू शकतंय. दाबत जाणारी लाट आधी येते, तिचा आवाज होतो. आडवी हलवणारी लाट मागनं. गाव जवळ असलं तर दोन्हींत अंतरच राहत न्हाई. झोपेतल्या माणसाला आवाज कळायच्या आधी खाट कळते. पोरं खोटं न्हाई बोलली."

"रात्रीच्या बसनं आलात?"

"हाव. उभ्यानं." तो हसला. "आता पहिला तास हाय. येता का ऐकायला?"

"नको," मी म्हणालो. "निरीक्षण कालच्या तासाचं होतं."

नियम माझ्या बाजूनं होता. ज्या तासाला बसलो त्याच तासाचं लिहायचं. शनिवारी मी पान भरलं. पाठाची तयारी: अपुरी. फळ्याचा वापर: अव्यवस्थित. आवाज: चांगला. भाषा: ग्राम्य, वर्गास न शोभणारी. नियंत्रण: गोंगाट होता. प्रश्नोत्तरं: विद्यार्थिनीच्या प्रश्नास 'माहीत नाही' असे उत्तर दिले. वक्तशीरपणा: समाधानकारक. पाठ: अपूर्ण. सगळं खरं होतं. एकही शब्द मी खोटा लिहिला नाही, यावर मी कुठंही हात ठेवून शपथ घेतली असती.

मग नववा रकाना आला. चार ओळी. मी बराच वेळ पेन धरून बसलो. बडे सरांचं अक्षर आठवू नये म्हणून खिडकीतून रस्ता बघितला. समोर एका क्लासची नवी पाटी लावत होते. आमच्या ऑफिसचा एक रिवाज होता. रिकाम्या जागेवर तिरकी रेघ मारायची, म्हणजे नंतर कुणी तिथं काही भरू नये. मी पट्टी घेतली आणि कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

सोमवारी तो सहीला आला. उभ्यानंच वाचलं. 'ग्राम्य' वर जरा थांबला.

"सर, खरं हाय सगळं," तो म्हणाला. "भाषा सुधारायला पाहिजे माझी. बायको पण तेच म्हणणार उद्या."

"सही करा," मी म्हणालो.

त्यानं 'वाचले' लिहिलं आणि सही केली. तिरक्या रेघेकडं त्यानं बघितलंही नाही. त्याला ती जागा म्हणजे पान संपल्याची खूण वाटली असावी.

प्राचार्यांनी मला बोलावलं. वही उलटी करून माझ्याकडं सरकवली. "सर, दोन सोडले तर सगळे उतरतेच आहेत. खाली काहीच नाही?"

"नाही, सर."

"पोरं तर त्याच्या नावानं वेडी आहेत म्हणतात."

"पोरांचं काय, सर," मी म्हणालो.

"तुम्ही वर्गात बसलात. मी नाही बसलो," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

एप्रिलमधे त्याला पत्र मिळालं. सेवा पुढं चालू ठेवता येत नाही, एवढंच. त्यानं टेबलाचा खण रिकामा केला, खडूचे तुकडे एका डबीत भरून शिपायाला दिले. माझ्याकडं येऊन म्हणाला, "सर, येतो." मी उठून उभा राहिलो. त्याचं लग्न मोडलं नाही, पण वर्षभर लांबलं, असं नंतर कळलं.

काही दिवस मला हलकं वाटलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण वाटलं. जूनमधे दोन्ही तुकड्या माझ्याकडं आल्या. खिडकीजवळच्या त्या मुलीनं एकदा काहीतरी विचारलं. मी लगेच उत्तर दिलं, पूर्ण, क्रमानं. तिनं मान हलवली आणि लिहून घेतलं नाही. दाराशी येऊन कुणाला विचारणं पोरांनी बंद केलं. शिपाई चहा आधी माझ्या टेबलावर ठेवू लागला. तो चहा मी निवृत्तीपर्यंत प्यालो.

मधल्या वर्षांत त्याचं नाव माझ्या कानावर यायचं. आधी एका क्लासमधे शिकवत होता, मग नांदेडला स्वतःचा क्लास काढला. वर्तमानपत्रात पान भरून पोरांचे फोटो यायचे आणि खाली कोपऱ्यात त्याचा. मी ते पान वाचायचो आणि घडी घालून पेपर रद्दीत ठेवायचो. त्याचं नुकसान केलं म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याचं नुकसान झालं नव्हतं, आणि मला वाईट त्याचंच वाटत होतं.

निवृत्त झालो त्या वर्षी त्याचा फोन आला. "सर, एक काम हाय. नांदेडला या एक दिवस. गाडी पाठवतो."

"गाडी नको, एसटीनं येतो," मी म्हणालो. का बोलावलं ते विचारलं नाही. वाटलं, आता सांगेल तोंडावर. सांगू दे.

त्याची चार मजली इमारत होती. जिन्यावर पोरांच्या चपलांचा ढीग. तो खाली रस्त्यावर येऊन थांबला होता. केस पिकले होते, खिशाला पेनाचा डाग तसाच. मला घेऊन ऑफिसात बसवलं, चहा मागवला. बाहेरच्या खोलीत सहा-सात तरुण मुलं-मुली ताठ बसली होती. सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे.

"नवीन शिक्षक घेऊन राहिलो, सर. एक वर्ष बघायचं, मग कायम. आमच्याकडं पण कायम असतंय आता." तो हसला. "यांचे पाठ कुणीतरी बसून बघायला पाहिजेत. माझ्या लोकांना सांगितलं तर सगळ्यांना चांगलंच लिहितात. उद्या त्यांच्यासंगं काम करायचं असतं. मला खरं लिहिणारा माणूस पाहिजे. मला आयुष्यात एकच भेटला."

मी चहाचा कप बशीत ठेवला. तो टोमणा मारत असेल म्हणून त्याच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता.

त्यानं खणातून छापील कागदांचा गठ्ठा काढला. "तुमचा तोच फॉर्म छापून घेतला. आठवणीतनं. माझं ते पान मला अजून पाठ हाय."

मी वाचलं. पाठाची तयारी, फळ्याचा वापर, आवाज, भाषा. क्रमसुद्धा तोच. शेवटचा रकाना होता, पाठ वेळेत पूर्ण झाला काय. त्याखाली सहीची जागा. मी पुन्हा वरून मोजले.

"आठच आहेत," मी म्हणालो.

"आठच होते की."

"नऊ होते. खाली एक होता, 'विशेष नोंद'."

तो आठवायला लागला. "माझ्या पानावर तर नव्हता, सर."

"होता. मी त्याच्यावर रेघ मारली होती."

"त्यात काय लिहायचं असतंय?"

मी त्याला लिंबाखालचा वर्ग सांगितला. एकतीस नंबर सांगितला. बडे सरांच्या चार ओळी जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. तो मन लावून ऐकत होता. ऐकताना त्यानं दोनदा 'हाव' म्हटलं. मग मी म्हणालो, "तुमच्या त्या मंगळवारच्या तासाला लिहिण्यासारखं होतं. मला दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नांदेडहून आलात तेही माहीत होतं. मी लिहिलं नाही."

"नियम नव्हता म्हणून?"

"नाही. मला तुमचा राग यायचा. पोरं तुमच्याकडं जायची."

बाहेर घंटा झाली. जिन्यावरून पोरं धावत उतरली, इमारत थोडी थरथरली. तो टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत बसला होता. बराच वेळ जुळवत होता.

"सासरे वारले त्या वर्षी," तो शेवटी म्हणाला. "तारीख धरायच्या आधी. त्यांना ते पत्र बघायचं होतं."

मी उठणार होतो. त्यानं गठ्ठ्यातला वरचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला, आणि खणातली पट्टी काढून त्याच्यावर ठेवली.

"ओढा, सर," तो म्हणाला. "चार ओळींची जागा सोडा. बाकीचे मी उद्या छापून घेतो."

मी रेघा ओढल्या, सरळ. वर 'विशेष नोंद' लिहिलं. मग तो मला दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. एक कृश मुलगी खडू घेऊन उभी होती. मुखेडकडची आहे, घरात पहिलीच शिकलेली, असं तो दाराशी हळूच म्हणाला. तिच्या शर्टाच्या कॉलरला इस्त्रीची रेघ होती. मी शेवटच्या बाकावर बसलो. तिचा आवाज कापत होता, आणि समोरची पोरं तिच्याकडं अशी बघत होती की माझ्याकडं तसं कुणी कधी बघितलं नव्हतं. ते ओळखीचं काहीतरी माझ्या छातीत पुन्हा उठलं. म्हणून मी पेन उघडलं आणि वरचे आठ तसेच सोडून आधी नववा भरायला घेतला.